वेडेवाकडे दात आणि मुलांचे आयुष्य

मुलाचे दात वेडेवाकडे येत आहेत असे दिसू लागले की घरात दोन सूर उमटतात. ‘दुधाचे दात पडले की आपोआप सरळ होतील’ हा एक, आणि ‘आत्ताच तार लावून घेऊ, म्हणजे पुढे कटकट नको’ हा दुसरा. मुलगी असेल तर तिच्या लग्नाचा विचारही या बोलण्यात नकळत डोकावतो. या साऱ्या चर्चेत सहसा एकाचेच मत विचारले जात नाही, ते म्हणजे त्या मुलाचे. वास्तविक त्या दातांनी त्याला रोज चावायचे असते, त्या तोंडाने वर्गात धडा वाचायचा असतो आणि त्या चेहऱ्याने सवंगड्यांना सामोरे जायचे असते. दातांची ठेवण बिघडल्याने मुलाच्या जीवनाच्या गुणवत्तेवर काय परिणाम होतो, याचा शास्त्रीय अभ्यास आता बराच पुढे गेला असून, उपचार करावा की नाही आणि केव्हा करावा, याचा निर्णय घेताना त्याचा उपयोग होतो.

सदोष ठेवण म्हणजे काय?

वरचे व खालचे दात एकमेकांवर नीट न बसणे, दात गर्दी करून एकमेकांवर चढणे, त्यांच्यात फटी राहणे किंवा जबड्यांचे परस्परांशी असलेले नाते बिघडणे, या सर्वांना मिळून वैद्यकीय परिभाषेत ‘मॅलऑक्लुजन’ म्हणतात. अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली या दोषांचे वर्गीकरण मांडले आणि ते आजही वापरात आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ हा त्यांनी आधार मानला. पहिल्या वर्गात वरची व खालची दाढ योग्य नात्यात असते, पण पुढचे दात वाकडे किंवा दाटीवाटीचे असतात. दुसऱ्या वर्गात खालची दाढ मागे राहते. त्यात अनेकदा वरचे दात पुढे आलेले आणि हनुवटी आत गेलेली दिसते. तिसऱ्या वर्गात खालची दाढ पुढे असते आणि बऱ्याचदा खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे येतात.

याखेरीज आणखी काही दोष नेहमी आढळतात. दाढा एकमेकींवर टेकल्या तरी पुढच्या दातांत उभी फट राहते, तिला ‘ओपन बाइट’ म्हणतात. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसतात, तेव्हा त्याला ‘क्रॉस बाइट’ म्हणतात. काही मुलांत वरचे दात खालच्यांना इतके झाकतात की खालचे दात टाळूला टोचतात. या सर्वांचे परिणाम सारखे नसतात. काही दोष केवळ दिसण्याचे असतात, तर काही दोष चावणे, बोलणे आणि जबड्याची वाढ यांत अडथळा आणतात.

कारणे कोणती?

सर्वांत मोठा वाटा अनुवंशिकतेचा असतो. जबड्याचा आकार, दातांचा आकार आणि चेहऱ्याची ठेवण या गोष्टी घराण्यातून येतात. जबडा लहान आणि दात मोठे असतील तर दातांची दाटी अटळ ठरते. मात्र काही कारणे टाळता येण्याजोगी असतात. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर तिच्या मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खाली तयार होत असलेल्या दाताची जागा बळकावते. ‘पडणारच आहे, तर उपचार कशाला’ म्हणून दुधाच्या दातांकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने पुढे महागात पडते. दाढ काढावीच लागली तर ती जागा राखून ठेवणारे छोटे साधन बसवता येते. त्याला ‘स्पेस मेंटेनर’ म्हणतात.

अंगठा चोखण्याची सवय हे दुसरे कारण होय. पुढचे कायमचे दात येण्यापूर्वी ही सवय सुटली तर पुढच्या दातांतील फट बहुधा आपोआप भरून येते. सवय त्यानंतरही टिकली तर दात पुढे येतात आणि टाळू अरुंद होते. नाक चोंदल्यामुळे किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढल्यामुळे सतत तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांमध्येही ठेवण बिघडू शकते. अशा वेळी दंतवैद्याइतकाच कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला महत्त्वाचा ठरतो.

काळजीचे आणि बिनकाळजीचे

दुधाचे दात २० असतात. साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागून ते अडीच-तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतात. सहा ते बारा या वयात तोंडात दुधाचे आणि कायमचे असे दोन्ही दात असतात. सहाव्या वर्षी येणारी पहिली दाढ कोणताही दुधाचा दात न पडता सर्वांत मागे उगवते. त्यामुळे अनेक पालक तिला दुधाची दाढ समजतात आणि ती किडली तरी निश्चिंत राहतात.

आठ ते अकरा या वयात वरचे पटाशीचे दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात व मधोमध फट पडते. हाडात वरून खाली उतरणारे सुळे पटाशीच्या दातांच्या मुळांवर दाब देत असल्याने असे होते. १९३७ साली अमेरिकी दंततज्ज्ञ ब्रॉडबेंट यांनी या अवस्थेला अँडरसनच्या कथेतील कुरूप बदकपिल्लाचे नाव दिले. सुळे खाली आले की ही फट बहुधा आपोआप मिटते. म्हणजे या वयात दिसणारा प्रत्येक वाकडेपणा हा दोष नसतो. मात्र तो कोणत्या प्रकारचा आहे हे तपासणीनेच कळते.

मुलाला विचारून केलेले मोजमाप

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जीवनाची गुणवत्ता म्हणजे आपली संस्कृती, मूल्ये आणि अपेक्षा यांच्या संदर्भात माणसाला स्वतःच्या स्थितीविषयी काय वाटते ते. म्हणजे ती मोजायची तर ज्याचे आयुष्य आहे त्यालाच विचारले पाहिजे. दातांच्या बाबतीत हे काम करणारी एक प्रश्नावली कॅनडातील टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी तयार केली. ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीचे तिचे स्वरूप २००२ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे जगातील अनेक भाषांत तिची रूपांतरे झाली. तिच्यात ३७ प्रश्न आहेत व ते चार गटांत विभागले आहेत: तोंडातील त्रास, कामातील अडथळे, भावनिक स्वास्थ्य आणि सामाजिक स्वास्थ्य. गेल्या तीन महिन्यांत दात दुखले का, अन्न अडकले का, खायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला का, लाज वाटली का, इतर मुले काय म्हणतील याची चिंता वाटली का, वर्गात मोठ्याने बोलणे टाळले का, अशा स्वरूपाची माहिती ती मुलाकडून घेते.

अशा प्रश्नावल्या वापरून केलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा स्वीडनमधील संशोधकांनी २०१५ साली घेतला. त्याचा निष्कर्ष असा की समोरून दिसणाऱ्या दातांच्या सदोष ठेवणीचा मुलांच्या जीवनाच्या गुणवत्तेवर प्रतिकूल परिणाम होतो आणि तो मुख्यतः भावनिक व सामाजिक अंगाने होतो. दुखणे किंवा चावण्याची अडचण यांपेक्षा लाज, संकोच आणि इतरांच्या नजरेची धास्ती यांचे पारडे जड असते.

चिडवणे आणि मिटलेले ओठ

दात पुढे असलेल्या मुलाला शाळेत कोणती नावे पडतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मोठ्यांना ती निरुपद्रवी थट्टा वाटते; नात्यातली माणसेही कौतुकाच्या सुरात तीच नावे घेतात. ब्रिटनमध्ये उपचारांसाठी पाठवलेल्या १० ते १४ वर्षांच्या मुलांच्या एका पाहणीत सुमारे १३ टक्के मुलांनी चिडवणूक व छळ सोसत असल्याचे सांगितले. ती पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्या मुलांमध्ये आत्मसन्मान कमी असल्याचेही दिसून आले.

अशी मुले तक्रार क्वचितच करतात. ती हसताना तोंडावर हात धरतात, छायाचित्र काढताना ओठ मिटून घेतात, उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत आणि स्नेहसंमेलनाच्या नाटकात भाग घ्यायला नको म्हणतात. घरच्यांना हा लाजाळू स्वभाव वाटतो. त्याचे मूळ दातांत असू शकते, ही शंका अनेकदा कोणाला येत नाही. शिक्षकांनी वर्गात अशी टोपणनावे रूढ होऊ न देणे आणि घरच्यांनी ती स्वतः न वापरणे, हा या दुखण्यावरचा पहिला उपाय असून त्याला खर्च काहीच येत नाही.

चावणे, बोलणे आणि इजा

ओपन बाइट असलेल्या मुलाला भाकरीचा तुकडा, पेरूची फोड किंवा शेवया पुढच्या दातांनी तोडता येत नाहीत. त्यामुळे ते एक तर घास हाताने तोडते किंवा तोंड वाकडे करून बाजूच्या दातांनी चावते, आणि पंगतीत किंवा डबा खाताना त्याला याचाच संकोच वाटतो. दाटीवाटीच्या दातांमध्ये ब्रश नीट पोहोचत नाही. म्हणून तेथे कीटण साचून हिरड्या सुजण्याचा व रक्त येण्याचा त्रास होऊ शकतो.

उच्चारांचा संबंध मराठी भाषकांच्या सहज ध्यानात येईल. त, थ, द, ध, न या वर्णांना आपल्या व्याकरणाने दंत्य म्हटले आहे. चमचा, जहाज, झाड या शब्दांतील आरंभीच्या वर्णांतही जीभ दातांच्या मुळाशी जाते. पुढे फट असेल तर जीभ तीतून बाहेर डोकावते आणि ‘स’चा उच्चार बोबडा होतो. दात फार पुढे असतील तर ओठ मिटायला कष्ट पडतात व प, ब, म यांसारखे ओष्ठ्य वर्ण उच्चारणे अवघड जाते. तथापि, मुले जीभ व ओठांच्या हालचाली जुळवून घेण्यात तरबेज असतात आणि ठेवण बरीच बिघडलेली असूनही अनेकांचे उच्चार स्वच्छ असतात. त्यामुळे बोबडेपणाचा दोष सरसकट दातांना देऊ नये. ऐकण्याची क्षमता आणि वाचा यांचीही तपासणी करावी.

पुढे आलेल्या दातांचा खरा धोका इजेचा असतो. वरचे पुढचे दात खालच्यांच्या साधारण दोन-तीन मिलिमीटर पुढे असणे स्वाभाविक आहे. हे अंतर तीन मिलिमीटरपेक्षा अधिक असलेल्या मुलांना पुढच्या दातांना इजा होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात आढळले. फुटबॉलच्या मैदानावर, सायकलवरून पडताना किंवा शाळेच्या जिन्यात पहिला आघात अशा दातांवरच होतो. खेळणाऱ्या मुलांसाठी दातांवर बसवायचे संरक्षक कवच, म्हणजे माउथगार्ड, उपयोगी पडते. कायमचा दात मुळासकट निखळला तर तो मुळाला स्पर्श न करता वरच्या भागाला धरून उचलावा, माती लागली असल्यास पाण्याने हलकेच धुवावा आणि शक्य असल्यास पुन्हा त्याच जागी बसवावा. ते न जमल्यास थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

दोष किती आणि दुःख किती

या संशोधनातून पुढे आलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोषाची तीव्रता आणि मुलाला होणारा मनस्ताप यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. एखादे मूल ठळक दोष असूनही मोकळेपणाने हसते, तर दुसरे किंचित वाकड्या दातामुळे खिन्न राहते. घरचे वातावरण, मित्रपरिवार, वय आणि मुळातला आत्मविश्वास यांवर ते अवलंबून असते. दहा वर्षांच्या आतील मुलांना दिसण्याची फारशी फिकीर नसते. अकरा-बारा वर्षांपासून ती झपाट्याने वाढते. पालकांचे मत हे मुलाच्या मताला पर्याय ठरत नाही, हेही दिसून आले आहे.

म्हणून उपचारांची गरज दोन्ही बाजूंनी पाहावी लागते. ब्रिटनमध्ये १९८९ साली मांडण्यात आलेल्या निर्देशांकात आरोग्याच्या दृष्टीने गरजेच्या पाच पायऱ्या ठरवल्या असून, दिसण्याचा विचार करण्यासाठी दहा छायाचित्रांची स्वतंत्र श्रेणी ठेवली आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत १८ वर्षांखालील मुलांचे उपचार त्या आधारे ठरतात: चौथ्या व पाचव्या पायरीवरील मुलांना उपचार मिळतात, पहिल्या दोन पायऱ्यांवरील मुलांना मिळत नाहीत. मर्यादित साधनसामग्री प्रथम गरजूंकडे जावी, हा त्यामागचा विचार आहे.

उपचारांनी काय साधते?

तारेच्या उपचारांनी दात सरळ होतात, चावणे सुधारते आणि मुलाचे समाधानही वाढते. परंतु त्यांच्याकडून व्यक्तिमत्त्व पालटण्याची अपेक्षा करणे योग्य नाही. वेल्समधील कार्डिफ येथे १९८१ साली ११-१२ वर्षांच्या १०१८ मुलांची पाहणी सुरू झाली आणि वीस वर्षांनी त्यांतील काहींची पुन्हा तपासणी झाली. लहानपणी गरज असताना उपचार घेतलेल्यांचे दात अधिक चांगले होते व ते त्यांविषयी अधिक समाधानी होते. मात्र प्रौढपणीच्या मानसिक स्वास्थ्यात उपचारांमुळे फारसा फरक पडलेला दिसला नाही. ज्यांना उपचार मिळाले नाहीत त्यांचे आयुष्यही त्या कारणाने बिघडले नव्हते. ज्या घरी खर्च परवडत नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये, एवढा दिलासा यातून मिळतो. पण शाळकरी वयातला सल हा त्या वयात खराच असतो, हेही विसरता येत नाही.

योग्य वेळ कोणती?

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांची ठेवण सुधारणाऱ्या तज्ज्ञांची संघटना, मुलाची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करावी असे सुचवते. तपासणी लवकर करावी याचा अर्थ तार लवकर लावावी असा नव्हे. बहुतेक मुलांचे उपचार कायमचे दात येत आल्यावर, साधारण ११ ते १३ या वयात केले जातात. पुढे आलेल्या दातांवर लवकर उपचार सुरू केल्यास इजेचा धोका कमी होतो. बाकी अंतिम परिणामात विशेष फरक पडत नाही, असे कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात दिसून आले आहे.

काही दोषांत मात्र थांबणे योग्य नसते. खालचा जबडा एका बाजूला सरकवून चावावे लागणारा क्रॉस बाइट, वाढीला मागे पडलेला वरचा जबडा आणि न सुटणारी अंगठ्याची सवय यांवर वाढीच्या वयातच उपाय करावा लागतो. वाढ संपल्यावर जबड्याच्या गंभीर दोषाला शस्त्रक्रियेचा पर्याय उरतो. दहाव्या वर्षापर्यंत वरच्या सुळ्यांचा फुगवटा हिरडीवर बोटाला लागत नसेल तर दंतवैद्याला दाखवावे. आडवा अडकलेला सुळा शेजारच्या दाताचे मूळ झिजवू शकतो; वेळीच लक्षात आल्यास दुधाचा सुळा काढून त्याला वाट करून देता येते.

उपचारांचा काळही मुलासाठी सोपा नसतो. तार बसवल्यावर पहिले काही दिवस दात ठणकतात. चणे, चिक्की, ऊस, खाजे, कडक उंडे हे पदार्थ काही काळ दूर ठेवावे लागतात. तारेभोवती स्वच्छता राखली नाही तर दातांवर किडीचे पांढरे डाग पडतात. तार काढल्यानंतर ‘रिटेनर’ नियमाने वापरला नाही तर दात पूर्वीच्या जागी सरकू लागतात. हे सारे दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ मुलालाच पाळायचे असल्याने त्याची संमती आणि इच्छा उपचारांच्या यशासाठी आवश्यक ठरते. दातांतील फट मिटवण्यासाठी घरच्या घरी रबर अडकवणे मात्र अत्यंत घातक आहे. ते रबर हिरडीखाली सरकत मुळाकडे जाते आणि चांगला दात गमवावा लागतो.

गोव्यात बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय १९८० सालापासून कार्यरत असून तेथे या शाखेचा स्वतंत्र विभाग आहे. खासगी दवाखान्यातील खर्च न झेपणाऱ्या पालकांनी निर्णय लांबणीवर टाकण्यापूर्वी तेथे मुलाची तपासणी करून घ्यावी. तपासणीला जाण्याआधी मुलाला शांतपणे चार गोष्टी विचाराव्यात: खाताना अडचण होते का, कोठे दुखते का, कोणी चिडवते का आणि हे बदलावे असे त्याला स्वतःला वाटते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा लगेच मिळत नाही. त्यासाठी थोडी वाट पाहावी लागते. क्ष-किरण तपासणीत जबड्याची स्थिती दिसते. मुलाचा त्रास समजून घेण्यासाठी ही उत्तरेही दंतवैद्याला तितकीच उपयोगी पडतात.